युक्रेनमधले 'वाघमारे': एका दुर्मीळ आडनावाची गोष्ट

2022 च्या मार्चमध्ये माझा भाचा युक्रेनमधून परत आला तेव्हा त्याच्या पाठीवरच्या सॅकमध्ये दोन जीन्स, चार्जर आणि एक चौकटीची वही एवढंच होतं. तिथे डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला परदेशी मुलांना स्थानिक भाषेचा तास असतो, त्याची ती वही. प्रत्येक युक्रेनी अक्षराखाली त्याने देवनागरी अक्षर लिहून ठेवलं होतं. एका अक्षराखाली मात्र 'इ' लिहून खोडला होता, मग 'ए' लिहून खोडला होता आणि शेवटी नुसतं प्रश्नचिन्ह होतं.

तेव्हापासून घरात बातम्या लागल्या की युक्रेनी नावं कानावर पडतात आणि कुणीतरी विचारतंच, ही आडनावं अशी का? एकच माणूस एका वर्तमानपत्रात एका तऱ्हेने आणि दुसऱ्यात दुसऱ्या तऱ्हेने कसा छापला जातो? 'को'ने संपणारी नावं एवढी जास्त का? सगळ्या आडनावांचं एका लेखात सांगणं शक्य नाही. म्हणून मी एकच आडनाव घेतलंय, तेही दुर्मीळ. ते नीट उलगडलं की बाकीच्यांचं बरंचसं कोडं आपोआप सुटतं. हे आडनाव आहे 'उबिय्वोव्क'.

## आधी अर्थ

'वोव्क' म्हणजे लांडगा. 'उबिय' म्हणजे 'ठार मार', आज्ञार्थी. दोन्ही जोडून 'लांडगा मार!'. मराठी माणसाला हे समजवायला वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही, कारण आपल्याकडे वाघमारे आहेत. तिकडच्या गवताळ प्रदेशात गुराढोरांचा शत्रू लांडगा, इकडे वाघ. प्राणी बदलला, आडनावाचा साचा जवळजवळ तोच राहिला.

जवळजवळ म्हणायचं कारण असं की 'वाघमारे' म्हणजे वाघ मारणारा, ते माणसाचं वर्णन आहे. 'उबिय्वोव्क' ही आज्ञा आहे. कुणीतरी कुणाला तरी ओरडून सांगतंय, असं ते शब्दरूप आहे. अशी आज्ञार्थी जोडनावं युक्रेनीत पुष्कळ आहेत आणि मला ती फार आवडतात. 'पेरेबिय्निस' म्हणजे 'नाक फोड', म्हणजे आपल्या डोईफोड्यांचा भाऊच. 'वेर्निदुब' म्हणजे 'ओकचं झाड उलथ'. 'पालिवोदा' म्हणजे 'पाणी जाळ'. 'त्याह्निर्यादनो' म्हणजे 'पांघरूण ओढ'. 'झाहुबिकोलेसो' म्हणजे 'चाक हरव'. गाडीचं चाक वाटेत कुठेतरी पडलं आणि ते आयुष्यभर नावाला चिकटलं, असं काहीसं त्यामागे असावं. 'नेतुदिखाता' हे तर अख्खं वाक्य आहे: 'घर तिकडे नाही'.

असा साचा इतरत्रही आहे. इटालियनमध्ये 'बेव्हिलाक्वा' आणि इंग्रजीत 'ड्रिंकवॉटर' ही पाणी पिण्यावरून पडलेली आडनावं. युक्रेनीत त्यांच्या नेमकं उलट आडनाव आहे, 'नेपिय्वोदा', म्हणजे 'पाणी पिऊ नकोस'. काय पी, ते मात्र सांगितलेलं नाही.

## 'वोव्क' आणि आपला 'वृक'

महाभारतातल्या भीमाला 'वृकोदर' म्हणतात, म्हणजे लांडग्यासारखं पोट असलेला. त्यातला 'वृक' आणि युक्रेनी 'वोव्क' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. रशियनमध्ये तो 'वोल्क' होतो, पोलिशमध्ये 'विल्क', लिथुएनियनमध्ये 'विल्कस'.

यावर शंका येणं रास्त आहे. दोन भाषांतले दोन शब्द सारखे वाटले म्हणून नातं जोडायचं, हा उद्योग आपल्याकडे फार चालतो. म्हणून भाषाशास्त्रज्ञ एका शब्दावर कधीच विसंबत नाहीत. तोच बदल इतर शब्दांतही त्याच जागी झाला आहे का, हे ते पाहतात. इथे तो झाला आहे. रशियनमध्ये ज्या जागी 'ल' टिकला, त्या जागी युक्रेनीत 'व' आला. रशियन 'वोल्क', युक्रेनी 'वोव्क', संस्कृत 'वृक'. रशियन 'पोल्निय', युक्रेनी 'पोव्निय', संस्कृत 'पूर्ण'. रशियन 'दोल्गिय', युक्रेनी 'दोव्हिय', संस्कृत 'दीर्घ'. तिन्ही ठिकाणी एकच नियम लागू पडतो.

नुसत्या कानावर भरवसा ठेवला तर काय होतं, तेही पाहा. 'वारिवोदा' हे आणखी एक आडनाव. त्यातला 'वारि' ऐकून आपल्याला पाणी आठवतं, पण तिथे 'वारि' म्हणजे 'उकळ'. पाणी आहे ते 'वोदा'मध्ये आणि त्या 'वोदा'चं नातं आपल्या 'उदक'शी आहे. म्हणजे सारखा दिसणारा शब्द परका निघाला आणि वेगळा दिसणारा सख्खा.

या नियमाचा आपल्या आडनावासाठी थेट उपयोग आहे. 'उबिय्वोव्क' मध्ये 'वोल्क' नाही, 'वोव्क' आहे. एवढ्या एका ध्वनीवरून हे नाव रशियन बोलणाऱ्यांत जन्मलेलं नाही, हे कळतं.

## हे नाव पडलं तरी कसं?

युक्रेनीत आडनावाला 'प्रिझ्विश्चे' म्हणतात आणि टोपणनावाला 'प्रिझ्विस्को'. दोन्ही शब्द 'हाक मारणं' या एकाच धातूतून आले आहेत. (आपल्या 'आव्हान'मधला 'ह्वे' हा धातू त्याचाच नातलग.) दोन शब्दांतलं हे अंतर जितकं कमी, तितकंच त्या समाजात आडनाव आणि टोपणनाव यांतलं अंतर दीर्घकाळ कमी होतं. लोक ज्या नावाने हाक मारत, तेच पुढे कागदावर चढलं.

यात कोसॅकांचा वाटा मोठा आहे. कोसॅक म्हणजे नीपर नदीच्या खोऱ्यात सोळाव्या-सतराव्या शतकात तयार झालेले स्वतंत्र वृत्तीचे लढवय्ये. नदीच्या खालच्या अंगाला त्यांचा तटबंदीचा तळ असे, त्याला 'सिच' म्हणत. जमीनदाराच्या तावडीतून पळालेला कुणबी, कर्ज बुडवलेला माणूस, साहसासाठी निघालेला तरुण, असे सगळे तिथे येत. मागचं नाव सांगणं अनेकांना परवडणारं नव्हतं, कारण शोध घेत मालकाची माणसं येऊ शकत. मग सोबती नवं नाव देत. झापोरिझ्झियाच्या, म्हणजे या सिचच्या मुलखातल्या, कोसॅकांवर आयुष्य वेचलेले इतिहासकार द्मित्रो यावोर्नित्स्की (1855–1940) यांनी ही प्रथा नोंदवली आहे. निष्काळजीपणाने राहतं छप्पर पेटवणारा 'पालिय' होई आणि रिवाज मोडून पाण्याच्या काठावर शेकोटी करणारा 'पालिवोदा' होई. सिचमधली ही नावं मस्करीतली असत आणि ती देताना कुणाची परवानगी घेतली जात नसे. सेमेन पालिय हा फास्तिव्हचा नावाजलेला कर्नल, त्याचं मूळ आडनाव हुर्को होतं. इतिहासात तो सोबत्यांनी दिलेल्या नावानेच राहिला. पोलंडच्या सत्तेविरुद्ध 1648 मध्ये झालेल्या कोसॅक उठावातला सेनानी मक्सिम क्रिवोनिस म्हणजे 'वाकड्या नाकाचा', त्यालाच 'पेरेबिय्निस' असंही म्हणत.

1649 साली पोलंडच्या राजाशी झ्बोरिव्हचा तह झाला. त्यात कोसॅकांची संख्या 40 हजारांवर बांधून दिली गेली आणि म्हणून त्यांची नावनिशीवार यादी करावी लागली. 16 रेजिमेंटांची ही यादी आजही उपलब्ध आहे. युक्रेनी आडनावांचा अभ्यास करणाऱ्यासाठी ती म्हणजे धान्याने भरलेली कणगी. त्यात 'एन्को'ने संपणारी नावं फार मोठ्या प्रमाणात आहेत. 'एन्को' म्हणजे 'अमक्याचा मुलगा'. 'शेवेत्स' म्हणजे चांभार, त्याचा मुलगा 'शेव्चेन्को'. 'कोवाल' म्हणजे लोहार, त्याचा मुलगा 'कोवालेन्को'. पश्चिमेकडे, व्होलिन आणि पोदिल्यात, हेच काम 'चुक' किंवा 'युक' करतं, म्हणून तिथे 'कोवाल्चुक'. बापाचं नाव आणि धंदा यांच्या या गर्दीत आज्ञार्थी जोडनावं मधूनच खड्यासारखी लागतात, जास्त करून नीपरच्या काठाने आणि तिच्या पूर्वेला, म्हणजे जुन्या कोसॅक मुलखात.

## म्हणजे कुणीतरी खरंच लांडगा मारला होता?

शक्य आहे. हिवाळ्यात गोठ्याशी येणारा लांडगा ही तिथल्या खेड्यांतली खरी भीती होती आणि तो मारणारा माणूस लक्षात राहणारच. पण टोपणनावावरून घटना सिद्ध होत नाही. लांडगा मारायच्या बाता मारणाऱ्यालाही हे नाव पडू शकतं. कुत्र्याला घाबरून झाडावर चढलेल्यालाही पडू शकतं, कारण मित्रमंडळी उलट नाव ठेवण्यात जगभर पटाईत असतात. आपल्याकडे उंचपुऱ्या माणसाला 'छोटू' म्हणतातच की. म्हणून वंशावळीच्या हौशी लेखनात 'आमचे पूर्वज शूर शिकारी होते' असं वाक्य दिसलं की मी तिथे थांबतो. नावातून एवढंच कळतं की कुणाला तरी, कुणीतरी, एकदा 'लांडगेमार' म्हणून हाक मारली आणि ती हाक टिकली.

## दुर्मीळ का राहिलं?

युक्रेनमधल्या सगळ्यात मोठ्या आडनावांत 'मेल्निक' येतं, म्हणजे गिरणीवाला. गिरणी गावोगाव होती. म्हणजे 'मेल्निक' हे नाव एका माणसापासून पसरलेलं नाही. हजारो गावांत ते स्वतंत्रपणे जन्मलं आणि आज त्या सगळ्यांची बेरीज आपल्याला दिसते. 'उबिय्वोव्क' सारखं नाव एखाद्याच गावात, एखाद्याच प्रसंगाने पडतं. त्याची सुरुवात एका घरापासून होते.

एका घरापासून सुरू झालेल्या नावाचं पुढे काय होतं, याचं गणित फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन या दोन इंग्रजांनी 1874 साली मांडलं. सोप्या शब्दांत ते असं. समजा शंभर आडनावांचं एक गाव आहे, प्रत्येकाचं एकच घर आहे आणि आडनाव फक्त मुलाकडून पुढे जातं. दर घरामागे सरासरी एक मुलगा जगतो. पण सरासरी एक म्हणजे प्रत्येक घरी एक नव्हे. काही घरांत तीन मुलगे, काहींत दोन आणि समजा तीस घरांत एकही नाही. त्या एका पिढीत तीस आडनावं संपली. गावात माणसं तेवढीच, आडनावं मात्र सत्तर. पुढच्या पिढीत आणखी काही जातील. कुणी कुणाचा छळ केलेला नाही, साथ नाही की युद्ध नाही, तरीही आडनावं नुसत्या योगायोगाने विझत जातात. आणि एका घराचं नाव सगळ्यात आधी विझतं.

युक्रेनमध्ये मात्र साथ, युद्ध आणि छळ सगळंच झालं. 1932–33 च्या लादलेल्या दुष्काळात, ज्याला तिथे 'होलोदोमोर' म्हणतात, 35 लाखांहून अधिक माणसं उपासमारीने गेली. सर्वांत भीषण फटका कीव आणि खार्किव प्रांतांना बसला. पोल्ताव्हाचा कोसॅक मुलूख तेव्हा खार्किव प्रांतातच होता. ज्या भागात ही जोडनावं दाट होती, नेमका तोच भाग. त्यानंतर दहा वर्षांच्या आत दुसरं महायुद्ध तिथूनच गेलं. 'मेल्निक' एका गावातून पुसला गेला तरी शेजारच्या गावात होता. एका गावात तीनच घरं असलेल्या नावाला अशी सोय नसते.

## एक माणूस, ज्याच्यामुळे हे नाव ओळखीचं आहे

या आडनावाची सगळ्यात परिचित व्यक्ती एक तरुण मुलगी आहे. ओलेना उबिय्वोव्क, घरचं नाव ल्याल्या. जन्म 1918, पोल्ताव्हा. वडील डॉक्टर, ती खार्किव विद्यापीठात खगोलशास्त्र शिकत होती. 1941 मध्ये जर्मन सैन्याने पोल्ताव्हा घेतल्यावर तिने आणि तिच्या सोबत्यांनी गुप्त गट उभा केला. चोरून रेडिओ ऐकायचा, हाताने पत्रकं लिहायची, रात्री भिंतींवर चिकटवायची. मे 1942 मध्ये ते पकडले गेले आणि 26 मे रोजी तिला गोळ्या घातल्या गेल्या. वय 23. तुरुंगातून घरच्यांना तिने लिहिलेल्या चिठ्ठ्या उरल्या आहेत. 1965 मध्ये तिला मरणोत्तर 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब मिळाला.

तिच्या नावात व्याकरणाची एक गोष्ट दडलेली आहे. 'झेलेन्स्की'ची बायको 'झेलेन्स्का' होते, कारण ते आडनाव विशेषणासारखं लिंगाप्रमाणे बदलतं. 'उबिय्वोव्क' बदलत नाही. पण वाक्यात विभक्ती लागताना फरक पडतो: पुरुषाबद्दल 'उबिय्वोव्काचा' असं काहीसं रूप होईल, स्त्रीच्या बाबतीत मात्र नाव जसंच्या तसं राहतं. त्यामुळे जुन्या कागदावर पहिलं नाव पुसट झालं असेल तरी आडनावाच्या रूपावरून बाई की पुरुष हे कधीकधी सांगता येतं. पण हे माहीत नसलेला शोधक 'उबिय्वोव्क' आणि 'उबिय्वोव्का' ही दोन घराणी धरून बसतो.

## मग अशी किती माणसं आहेत?

आडनाव टाका, जगात किती माणसं आहेत ते सांगतो, असं म्हणणाऱ्या वेबसाइट आता भरपूर आहेत. त्यांचे आकडे बघताना माझा हात आखडता असतो आणि त्याचं कारण त्या वहीतल्या प्रश्नचिन्हात आहे.

भाच्याला न सापडलेला तो स्वर 'इ' आणि 'ए' यांच्या मधला आहे. 'उबिय्वोव्क'मधल्या 'बि'मध्ये तोच आहे. आता गंमत अशी की युक्रेनी आणि रशियन दोन्हीत हे अक्षर दिसायला एकच, पण रशियनमध्ये त्याचा उच्चार स्वच्छ 'ई'. त्यामुळे तेच नाव, तीच अक्षरं, रशियन माणूस 'उबीय्वोव्क' वाचतो. रोमन लिपीत उतरवताना युक्रेनी नियमाने, म्हणजे 2010 पासूनच्या सरकारी पद्धतीने, 'बी'नंतर आधी 'वाय' येतो, मग 'आय'. रशियन उच्चारावरून लिहिलं की ती दोन अक्षरं जागा बदलतात. पोलिश कारकुनाने ऐकून लिहिलं तर 'वाय'नंतर 'जे' येईल आणि 'व'साठी 'डब्ल्यू'. कुणी संपूर्ण नावच रशियन करून 'वोव्क'चा 'वोल्क' केला तर यादीत ते पार वेगळं दिसेल. हे घडत असे. मानववंशशास्त्रज्ञ फेदिर वोव्क (1847–1918) हे रशियन आणि फ्रेंच ग्रंथालयांच्या नोंदींत 'वोल्कोव' म्हणून सापडतात. माणूस एकच.

वाघमाऱ्यांना हे नवीन नाही. कुणी 'डब्ल्यू'ने सुरू करतो, कुणी 'व्ही'ने, कुणी मधला 'एच' गाळतो. परदेशातल्या यादीत त्यांची तीन आडनावं होतात. मोजणाऱ्या यंत्राला 'वाघ' ऐकू येत नाही, त्याला अक्षरं दिसतात. लाखभर माणसांचं मोठं आडनाव पाच स्पेलिंगांत वाटलं गेलं तर फारसं बिघडत नाही, पण दहा घरांचं नाव पाचांत वाटलं गेलं की प्रत्येक रकान्यात दोनच घरं उरतात आणि वेबसाइट 'अतिदुर्मीळ' म्हणून मोकळी होते.

दुसरी अडचण मोजणीचीच. स्वतंत्र युक्रेनची जनगणना आजवर एकदाच झाली, डिसेंबर 2001 मध्ये. तेव्हा लोकसंख्या सुमारे 4 कोटी 84 लाख होती. 2022 नंतर 60 लाखांच्या आसपास माणसं देशाबाहेर गेली आणि देशातल्या देशातही लाखो विस्थापित झाली. कुठलं आडनाव कुठल्या जिल्ह्यात दाट आहे, हे रंगांनी दाखवणारे नकाशे त्याआधीच्या याद्यांवर बेतलेले आहेत. मुळं कुठे होती हे सांगायला ते उत्तम आहेत, पण माणसं आज कुठे आहेत यासाठी ते वापरू नयेत.

## दोन उबिय्वोव्क भेटले तर ते भाऊबंद का?

दोन मेल्निक भेटले तर त्यांचं नातं असण्याची शक्यता नगण्य. दोन वाघमाऱ्यांचंही तसंच, कारण हे आडनाव आपल्याकडे वेगवेगळ्या जातींत आणि जिल्ह्यांत आहे. दुर्मीळ नावाच्या बाबतीत पारडं दुसरीकडे झुकतं. एकाच घरापासून सगळे निघाले असण्याची शक्यता बरीच वाढते. तरी खात्री नव्हे. लांडगे पुष्कळ होते, थट्टेखोर शेजारीही पुष्कळ, तेव्हा दोन गावांत दोनदा तेच नाव पडू शकतं.

इथे वाय गुणसूत्राची चाचणी उपयोगी पडते. हा जनुकीय भाग बापाकडून मुलाला जवळजवळ जसाच्या तसा मिळतो, म्हणजे आडनावाच्याच वाटेने चालतो. दोन उबिय्वोव्क पुरुषांचा हा भाग जुळला तर मूळ घर एक असण्याला चांगला आधार मिळतो. जुळला नाही तर दोन मुळं असतील, किंवा मध्ये कुणी दत्तक आलं असेल, किंवा जावयाने सासऱ्याचं नाव लावलं असेल.

त्याआधीचं काम मात्र कागदांचं आहे आणि ते कुणालाही करता येतं. चर्चमधली जन्म, लग्न आणि मृत्यूची वही शोधायची. त्या वह्या रशियन साम्राज्यात रशियन भाषेत लिहिल्या जात, हे लक्षात ठेवून नावाची सगळी रूपं आधी एका कागदावर काढायची: 'वोव्क'ची, 'वोल्क'ची, शेवटी 'आ' लागलेली, पोलिश वळणाची. गाव ठरवायचं आणि मगच त्या गावाच्या वहीत बोट ठेवत खाली यायचं. नाव आधी आणि गाव नंतर, असा उलटा शोध घेणारे बहुतेक जण दुसऱ्याच कुणाच्या घरात जाऊन पोहोचतात.